दिल्ली पहिल्यांदाच बघताय? आधी वार बघा, मग नकाशा

लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, गांधी स्मृती, लोटस टेंपल, अक्षरधाम. दिल्लीत नवखा माणूस जी यादी घेऊन उतरतो, तिच्यातलं हे सगळं सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणारे इथेच फसतात. सोमवार हाती असलाच तर तो कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला द्या. ही दोन्ही ठिकाणं आठवडाभर उघडी असतात. इंडिया गेटचंही तसंच. आग्रा जोडणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद, आणि 15 ऑगस्टच्या तयारीसाठी लाल किल्ला आधीचे बरेच दिवस बंद ठेवतात, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट मेट्रोची. जांभळ्या मार्गिकेवर लाल किला, जामा मस्जिद, सेंट्रल सेक्रेटरिएट, जेएलएन स्टेडियम (हुमायूनच्या कबरीसाठी) आणि कालकाजी मंदिर (लोटस टेंपलसाठी) ही स्थानकं ओळीने येतात, म्हणजे निम्मी दिल्ली एकाच मार्गिकेवर होते. प्रत्येक स्थानकात सामानाची तपासणी असते, गर्दीच्या वेळी रांग लागते. स्मार्ट कार्ड घेतलंत तर निदान तिकिटाची रांग टळते.

लाल किल्ला सकाळीच उरका. लाहोरी दरवाज्यातून आत गेल्यावर छत्ता बाजारात रमू नका. खरेदी परतताना करता येते. दिवाण-इ-आम, दिवाण-इ-खास आणि आतली संग्रहालयं धरून दोन-अडीच तास लागतात आणि मधल्या मोकळ्या पटांगणांत सावली फारशी नाही. दिवाण-इ-खासमध्ये मान वर करून छत जरूर बघा. मूळच्या छताला चांदी होती. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी ती उतरवून फौजेच्या खर्चासाठी तिचे रुपये पाडले, तेही पानिपतच्या काही महिने आधी. किल्ल्याहून जामा मशीद चालत गाठता येते, फक्त नमाजाच्या वेळा सोडून जा. चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना मनाई असल्याने तिथे पायी किंवा सायकल रिक्षानेच फिरावं लागतं.

राष्ट्रीय संग्रहालय एका दिवसात संपवायला जाणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर पाय धरून बसतो. तळमजल्यावरच्या हडप्पा दालनापासून सुरुवात करा. मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे. मोठा पुतळा शोधत गेलेले तिच्या समोरून निघून जातात. त्यानंतर बौद्ध अवशेष आणि लघुचित्रं एवढंच बघितलं तरी तीन तास सार्थकी लागतात. मुलं बरोबर असतील तर मात्र चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय निवडा. तिथली पटियाळा संस्थानची मोनोरेल मोठ्यांनाही हलू देत नाही.

कुतुबमिनार नावाचं मेट्रो स्थानक मिनारापासून बरंच लांब आहे. उन्हात चालत निघू नका, बाहेरून रिक्षा करा. 1981 च्या चेंगराचेंगरीपासून मिनारात वर जाता येत नाही, त्यामुळे ‘आतून दाखवतो’ म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या या वास्तूंची तिकिटं ऑनलाइन काढली तर खिडकीवरची रांग टळते, आणि 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

अक्षरधामची तयारी वेगळीच. मोबाइल, कॅमेरा, पॉवर बँक, स्मार्ट घड्याळ, पिशव्या, बाहेरचं खाणं यांतलं काहीही आत नेता येत नाही. सामान ठेवायची सोय आहे, पण संध्याकाळी सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा ते परत घ्यायलाही रांग असते. शक्य तेवढं हॉटेलवरच ठेवून जा, रोख पैसे जवळ बाळगा. मोबाइल नसताना चुकामूक झाली तर शोधणं अवघड जातं, म्हणून आत शिरण्याआधीच भेटायची जागा आणि वेळ पक्की करा. खांदे उघडे राहतील किंवा गुडघ्यांच्या वर जातील असे कपडे चालत नाहीत. मंदिरात प्रवेश मोफत, मात्र प्रदर्शन आणि संध्याकाळचा पाण्याचा खेळ यांना वेगळं तिकीट लागतं. दुपारी तीनच्या सुमाराला पोचलात तर प्रदर्शन बघून अंधार पडेपर्यंत कारंज्याजवळ जागा धरता येते. परतीसाठी अक्षरधाम मेट्रो स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे.