पत्ता सांगता आला पाहिजे

2015 च्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांतली गोष्ट. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या कडेला सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी ताडपत्रीच्या पालांत उतरली होती. रात्री साडेदहाला त्यातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. तिच्या दिरानं 108 ला फोन लावला. फोन लगेच लागला. पलीकडून विचारलं, "कुठं यायचं?" आणि त्याला काही सांगताच येईना. टेम्पोनं त्यांना अंधारात आणून सोडलं होतं. बागेच्या मालकाला सगळे 'शेठ' म्हणत. गावाचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी शेजारच्या बागेतल्या राखणदाराला उठवून आणलं, त्यानं पत्ता सांगितला. गाडी येईपर्यंत बाळ पालातच झालं होतं. दोघं वाचली.

त्याच टोळीला चार दिवसांपूर्वी मी फ्लिपचार्ट दाखवून गरोदरपणातल्या धोक्याच्या खुणा शिकवल्या होत्या. '108 ला फोन करा' हे सगळ्यांकडून तीनदा मोठ्यानं म्हणून घेतलं होतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे फोन केला. शिकवण अपुरी होती ती माझी.

युद्धामुळे, दंगलींमुळे घरदार सुटलेल्या बायकांमध्ये माता-आरोग्याचं काम करायचंय, त्यासाठी काय शिकू, असं नाशिकमधल्या नर्सिंगच्या मुली मला विचारतात. त्यांना मी आधी ही पालाची गोष्ट सांगते, कारण कोर्सच्या यादीपेक्षा तिचा उपयोग जास्त आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. हंगामी मजुरांची टोळी आणि निर्वासितांची छावणी या एक नव्हेत. सुरगाण्याची बाई हंगाम संपला की स्वतःच्या घरी जाते, तिच्या नावाचं रेशनकार्ड आहे, सरकारी दवाखान्यावर तिचा हक्क आहे. बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत मला भेटलेल्या रोहिंग्या बायकांकडे यातलं काहीच नव्हतं. 25 ऑगस्ट 2017 नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून तिथं आली. गावं जळताना पाहून, माणसं गमावून आलेली. त्यांच्या दुःखाशी इथल्या टोळीची तुलना करू नका. पण अनोळखी जागी अडलेली बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचत नाही, त्यामागची कारणं दोन्हीकडे ओळखीची वाटतात. म्हणून इथं शिकलेलं तिथं उपयोगी पडतं.

1994 मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मांडलेलं 'तीन उशिरां'चं सूत्र तुम्हाला अभ्यासक्रमात भेटेल. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवायला, दुसरा तिथं पोचायला आणि तिसरा पोचल्यावर उपचार मिळायला. मीही ते पाठ केलं होतं. समजलं 2018 च्या पावसाळ्यात.

कॉक्स बझारमधल्या कुटुपालोंगच्या छावणीत झोपड्या टेकड्यांच्या उतारावर, बांबू आणि ताडपत्रीच्या. झाडं तोडून टेकड्या बोडक्या झालेल्या, त्यामुळे पावसात पायाखालची माती सरकायची. बऱ्याच ठिकाणी गाडी जात नव्हती. आमच्या सत्राला नियमित येणारी एक बाई तिसऱ्या खेपेला घरीच बाळंत झाली. वारही पडली. मग रक्त थांबेना. सासू म्हणाली, 'वाईट रक्त जातंय, जाऊ दे.' (हे वाक्य मी आपल्याकडे पेठ तालुक्यातही ऐकलं आहे, जवळजवळ याच शब्दांत.) रात्री उतारावरून बाहेर पडायची कुणाला हिंमत झाली नाही. पहाटे चौघांनी तिला खुर्चीला बांबू बांधून खाली आणलं. ती वाचली नाही.

नंतर मी तिच्या झोपडीपासून आमच्या केंद्रापर्यंत चालत आले. तीन उतार, एक बांबूचा साकव, मध्ये कुठंही दिवा नाही. ही वाट मी आधी एकदाही चालले नव्हते. आणि सत्राला मी फक्त गरोदर बायकांना बोलावत होते. जिच्या शब्दावर सगळं ठरणार होतं, ती सासू कधी आमच्या चटईवर बसलीच नव्हती.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. नव्या वस्तीत गेले की पहिले दोन-तीन दिवस शिकवणं बंद, फक्त चालणं. वाट दिवसा बघायची, वस्तीतल्या कुणाला सोबत घेऊन अंधार पडल्यावरही बघायची. दुचाकी कुठपर्यंत येते, बाजलं कोण उचलेल, पैसे कुणाच्या कनवटीला असतात, नवरा घरी नसेल तर 'जा' कोण म्हणेल. छावणीत गटप्रमुख असतो, त्याला तिथं 'माझी' म्हणतात, आपल्याकडे टोळीचा मुकादम. त्यांना टाळून काम करायचा मोह होतो. टाळू नका, कारण रात्री गाडीची सोय तेच करतात. फक्त बायकांच्या बैठकीत त्यांना बसू देऊ नका.

भाषेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नवशिके इथंच अडखळतात. 'रक्तस्राव होतोय का?' असं विचारलं तर आपल्या पाड्यावरची बाई नाही म्हणते. 'अंगावरून लाल जातं का?' म्हटलं की सांगू लागते. किती जातं, हे मिलिलीटरमध्ये कुणाला कळणार? अर्ध्या तासात कापडाच्या दोन-तीन घड्या पूर्ण भिजल्या तर उठायचं, कुणाची वाट बघायची नाही, असं आम्ही सांगतो. खरीखुरी घडी पाण्यात भिजवून प्रत्येकीच्या हातात देतो, म्हणजे वजन कळतं. कॉक्स बझारला माझी पहिली दुभाषी ढाक्याची होती आणि रोहिंग्या बोली तिला नीट समजत नव्हती. ती बोली चितगावकडच्या बोलीला जवळची. चितगावची मुलगी आली आणि पहिल्याच दिवशी बायका हसून बोलायला लागल्या. दुभाषी बाईच असावी, आणि तिला कामाआधी तासभर तरी द्या. तिला शब्द कळले तरच पुढं कळतील.

स्वच्छ बाळंतपणाच्या संचावरून नव्या मुली वाद घालतात. त्यात प्लास्टिकची चादर, साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोरा, कापड आणि हातमोजे असतात. मोठ्या आपत्तीत पोट दिसू लागलेल्या प्रत्येक बाईला तो द्यावा, असं मिस्प नावाच्या आंतरराष्ट्रीय किमान सेवा-संचात सांगितलं आहे. 'मग त्या घरीच बाळंत होतील ना?' असा मुलींचा प्रश्न. माझं मत पक्कं आहे, द्यावा. वाट बंद पडली तर ब्लेड गंजकं की नवं, एवढंच आपल्या हातात उरतं. पण देताना हेही सांगा की संचानं रक्त थांबत नाही आणि रक्तदाब वाढून येणारे झटकेही थांबत नाहीत. गरोदर बायकांपैकी सुमारे 15 टक्क्यांना गुंतागुंत होईल असं धरून नियोजन करतात, आणि ती नेमकी कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

दुधाच्या पावडरीचे डबे कुणी दान म्हणून आणले तर सरसकट वाटू नका. छावणीतल्या पाण्यानं बाळाला जुलाब लागतात. 'धसक्यानं दूध आटलं' हे तिथंही ऐकलं, इथंही. भीतीनं पान्हा थोडा वेळ अडतो, आटत नाही. आईला निवांत जागा द्या, बाळ उराशी धरू द्या, पुन्हा पुन्हा पाजू द्या.

आणि एक, अगदी गंभीरपणे. काही बायकांचं गरोदरपण अत्याचारातून आलेलं असतं. घोळक्यात कुणालाही 'काय झालं तुझ्यासोबत' असं विचारू नका. सगळ्यांसमोर इतकंच सांगा की अशा वेळी उपचार मिळतात, एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, आणि आमच्याशी एकटीनं बोलायला जागा आहे. जिला यायचं ती येते. तिचं नाव तुमच्या वहीत नको, घरी सांगायच्या गोष्टींत तर मुळीच नको.

आता शिक्षणाचं. जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि त्यानंतर किमान दोन वर्षं प्रसूतिकक्षात. परदेशी काम करणाऱ्या संस्था साधारण एवढा अनुभव मागतातच. इंग्रजी हवं, फ्रेंच किंवा अरबी आली तर दारं वाढतात. मिस्पचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे, तो आजच सुरू करा. आणि मी तर म्हणेन, पहिली नोकरी शहरातल्या खासगी रुग्णालयात धरू नका. पेठ, हरसूल, सुरगाणा इथं जा. जिथं रक्तपेढी लांब आहे तिथं वेळेची किंमत कळते.

हंगामात टोळ्यांसोबतही काम करा. बाई गाव सोडते तेव्हा ती गावच्या आशाताईच्या नजरेआड होते, आणि बागेच्या गावच्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. म्हणून आधी तिथल्या आशाताईला भेटा. माता-बाल संरक्षण कार्ड घरी राहिलं असेल तर गावाकडून त्याचा फोटो मागवून फोनमध्ये ठेवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून मुकादमाशी आधीच बोलून घ्या.

आमचं पहिलं सत्र आता फ्लिपचार्टनं सुरू होत नाही. पाण्याच्या टाकीवर खडूनं चार ओळी लिहितो: गाव, शेतमालकाचं पूर्ण नाव, जवळचा फाटा, मुकादमाचा नंबर. मग मी कानाला हात लावून 108 वाली होते आणि एकेकीला विचारते, "कुठं यायचं?" वाचता न येणाऱ्यांसाठी हे पाठ होईपर्यंत चालतं. गेल्या हंगामात एक सासूबाई तिसऱ्या दिवशी मला अडवून म्हणाल्या, "ताई, फाट्यावरून डाव्या हाताला वळायचं, हे लिव्हलंच नाही तू." मी खडू त्यांच्या नातीच्या हातात दिला.