आग्र्याचा एक दिवस, आपला गाईड घेऊन

मी गुहागरची. घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो, आणि आमचे हे पाहुण्यांना अंजनवेलला गोपाळगड दाखवायला नेतात. त्यामुळे गाईड कधी मनापासून सांगतो आणि कधी नुसत्या पाट्या टाकतो, हे मी रोज बघते. तरीही 2017 साली आग्र्याला गेलो तेव्हा आमची चूक झालीच. मोठ्या बसच्या सहलीत नाव घातलं. ताजमहालाला पाऊण तास मिळाला आणि संगमरवराच्या दुकानात दोन तास गेले. किल्ला तर बसच्या खिडकीतून दाखवला. सासूबाई परत येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "एवढ्या लांब आलो आणि बघितलं काहीच नाही." ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत शिमग्याच्या आधी पुन्हा गेलो. आम्ही पाच जण होतो: हे, मी, सासूबाई, सासरे आप्पा आणि अकरा वर्षांची लेक. या वेळी गाडी आमची, गाईड आमचा आणि दिवसही आमचा. हे कसं जमवलं ते सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे उतरणारी मंडळी सारखी विचारतात.

आधी जायचं कसं. मंगला एक्स्प्रेस चिपळूणला थांबते आणि कुठेही न बदलता दुसऱ्या दिवशी आग्रा कॅन्टोन्मेंटला उतरवते. दिल्लीला जाऊन परत खाली यायची गरज नाही. ही गाडी भुसावळच्या पुढे बऱ्हाणपुरावरून जाते. मुमताज महल 1631 मध्ये तिथेच चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला आधी तापीपलीकडच्या बागेत पुरलं होतं, नंतर तिथून आग्र्याला नेलं. आम्ही तिथून गेलो तेव्हा बाहेर अंधार होता, पण लेकीला मी हे सांगितलं आणि ती बराच वेळ खिडकीला नाक लावून बसली होती. ताज बघायची सुरुवात तिची तिथेच झाली.

निघण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही आणखी एक गोष्ट केली, ती कोकणातल्या सगळ्यांना सांगते. फेरीबोटीने दाभोळला गेलो आणि तिथली आदिलशाही काळातली मशीद बघितली, जिला सगळे अंडा मशीद म्हणतात. ती मोगलांची नाही, पण घुमट, मिनार, कमान, मेहराब (नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) हे सगळं डोळ्यांसमोर शांतपणे बघायला मिळतं. आग्र्याच्या गर्दीत गाईड हे शब्द भराभर वापरतो. ते आधी ओळखीचे असले की त्याच्या मागे धापा टाकत पळावं लागत नाही.

आता गाईड. सरकारमान्य गाईडकडे फोटोचं ओळखपत्र असतं, ते आधी मागून घ्या. त्यात संकोच कसला? पण ओळखपत्राने माणूस कसा आहे ते कळत नाही, म्हणून दहा मिनिटं फोनवर बोला. मी तिघांशी बोलले. तिघांनाही एकच प्रश्न विचारला, "सकाळी ताज बघितल्यावर आम्हाला कुठे न्याल?" पहिला लगेच म्हणाला, हस्तकलेचं केंद्र दाखवतो. दुसऱ्याने एका दिवसात सहा ठिकाणांची यादी वाचली. तिसऱ्याने उलट मलाच विचारलं, "घरात वयस्कर कोण आहे? गुडघे कसे आहेत?" त्यालाच ठरवलं. आमच्याकडे खोली विचारणाऱ्यालाही मी पहिल्यांदा हेच विचारते.

सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी ठरवलेलं जागेवर गेल्यावर बदलतं. मी पाठवलेला मेसेज असा होता, तुमच्या सोयीने बदलून वापरा:

"हम पाँच लोग हैं, दो बुज़ुर्ग। सुबह सूर्योदय से शाम तक। ताजमहल, किला, एत्माद-उद-दौला, मेहताब बाग, बस इतना ही। कोई दुकान नहीं। आपकी पूरे दिन की फ़ीस एक ही रक़म में बताइए। टिकट हम ख़ुद निकालेंगे।"

त्याचं "ठीक है" आलं आणि रक्कम आली, मगच आगाऊ पैसे पाठवले, तेही थोडे. दुकानाचं वाक्य गाळू नका. दुकानदाराकडून मिळणारं कमिशन धरून काही जण फी कमी सांगतात, आणि मग तुमची दुपार तिथे जाते. फी थोडी जास्त द्या, पण दुपार वाचवा. गाडी ठरवताना माणसं मोजताना गाईडलाही धरा. पाच आम्ही आणि सहावा तो, म्हणून सात जणांची गाडी घेतली.

शुक्रवारी ताज बंद असतो, रेल्वेचं आरक्षण करतानाच हे बघा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं इतकं असतं की ताज दिसत नाही आणि गाड्याही तासन्‌तास उशिरा येतात. मे महिन्याचं तर नावच नको. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आम्हाला मानवला, फक्त पहाटेसाठी सगळ्यांना स्वेटर घ्या. ताजचं भारतीयांसाठी तिकीट 50 रुपये, आणि मुख्य मकबऱ्यात जायचं तर वरती 200. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर आधी काढून ठेवा आणि दरही तिथेच एकदा तपासा. तिकीट तीन तास चालतं, तेवढा वेळ पुरतो. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, लायटर, मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. आप्पांची तंबाखूची डबी गाडीतच ठेवली, नाहीतर तपासणीच्या रांगेतून परत फिरावं लागलं असतं. पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी असते. कुठे भेटायचं ते आधी ठरवा. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या ताजपर्यंत जात नाहीत, शेवटच्या टप्प्याला बॅटरीची गाडी मिळते. सासूबाईंना तिचा फार उपयोग झाला.

दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. त्याच वेळेला तिथे असा.

आत शिरल्यावर गाईडला एक विनंती करा: पहिली दहा मिनिटं काही सांगू नका. हे आमच्या ह्यांच्याकडून शिकले. गोपाळगडाच्या तटावर खाडी आणि समुद्र एकदम दिसतो तिथे ते पाहुण्यांना घेऊन जातात आणि गप्प उभे राहतात. ताजच्या मोठ्या दरवाजाच्या कमानीतून तो पांढरा घुमट पुढे आला तेव्हा आम्हीही तसेच उभे राहिलो. सासूबाईंनी माझा हात धरला होता. 2017 मध्ये त्या जागी कुणीतरी आम्हाला फोटोसाठी ढकलत होतं.

मग विचारायला लागा. कधी बांधला हे फलकावर असतं, तुम्ही "हे असं का?" विचारा. दरवाजाच्या चौकटीवरची अक्षरं वरपर्यंत सारखीच का दिसतात? कारण वर जाताना ती मोठी करत नेली आहेत. ती लिहिणाऱ्या अमानत खानाचं नावही मकबऱ्याच्या आत कोरलेलं आहे. चारही मिनार बाहेरच्या बाजूला किंचित का कललेले? पडलेच तर मकबऱ्यावर पडू नयेत म्हणून. आतल्या दोन कबरींपैकी मुमताजची बरोबर मध्यावर, मग शाहजहानची बाजूला कशी? त्याची नंतर ठेवली, आणि सगळ्या इमारतीचा तोल तेवढ्या एका ठिकाणी मोडला. या कबरीही वरच्या, खऱ्या खालच्या तळघरात आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, लोक मान वर करून बघतात तरी.

कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट कुणी ना कुणी सांगतोच. तिला पुरावा नाही. आमच्या गाईडला मी नम्रपणे विचारलं, "भैया, ये लिखा कहाँ है?" तो म्हणाला, "कहीं नहीं, लोग सुनना चाहते हैं।" त्यानंतर दिवसभर तो आमच्याशी वेगळ्याच मोकळेपणाने बोलला. असा एक प्रश्न सकाळीच विचारून ठेवावा.

बाहेर आल्यावर बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी), भाजी आणि जिलेबी खाल्ली. आग्र्याची न्याहारी हीच. गाईडला आणि ड्रायव्हरला आपल्याबरोबर बसवा. आमच्या घरी पाहुण्यांबरोबर आलेल्या ड्रायव्हरला आम्ही पडवीत वेगळं वाढत नाही, तसंच.

किल्ल्याला तीन तास ठेवा. लोक इथेच वेळ कापतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मराठी माणसाने बघायचं ते इथे आहे. अमरसिंग दरवाजासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे आधी थांबलो, आप्पांनी चप्पल काढून नमस्कार केला. आत गेल्यावर चढ लागतो, गुडघेवाल्यांनी सावकाश घ्यावा. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे आहे, तो बघता येत नाही. बघता येतो तेवढाही पुष्कळ आहे. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

आप्पांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, सगळं जांभ्याच्या चिऱ्यात. ते एका लाल भिंतीशी थांबले ते हलेचनात. चष्मा काढला आणि दगडाच्या सांध्याजवळ डोळा नेला. "दरज बघ," मला म्हणाले, "चुना दिसत नाही." गाईडने सांगितलं की भिंतीच्या पोटात वीट आहे आणि बाहेरून लाल वालुकाश्म चढवलेला आहे, अकबराने 1565 पासून हे काम काढलं. आप्पा म्हणाले, आपला जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेने कडक होतो, पण अंगाला भोकं असल्यामुळे त्यावर अशी वेलबुट्टी उतरत नाही. गाईडने खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. तुमच्या घरातल्या माणसाला जे येतं, ते गाईडला सांगा. दिवस त्याने भरतो.

दिवाण-ए-खासच्या गच्चीवर मी आधीच गाईडला सांगून ठेवलं होतं की इथे घाई नको. 12 मे 1666 ला औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं आणि ते भर दरबारात संतापले, ती हीच जागा. लेकीला धड्यातलं पाठ होतं, पण तिथे उभी राहून ती मोजत होती, "मागची रांग म्हणजे कुठे आई?" एक समजूत मात्र काढून टाका. महाराजांना किल्ल्यातल्या कोठडीत ठेवलेलं नव्हतं. ते किल्ल्याबाहेर रामसिंगाच्या, म्हणजे मिर्झाराजे जयसिंगांच्या मुलाच्या, तळाजवळ मुक्कामाला होते आणि तिथेच आग्र्याचा कोतवाल फौलादखान याचा पहारा बसवला होता. ऑगस्टमध्ये ते निसटले तेही तिथूनच. कुणी किल्ल्यात कोठडी दाखवायला लागला तर पुढे चला.

तिथून मुसम्मन बुरुज जवळ आहे. शाहजहानने मुलाच्या कैदेत शेवटची वर्षं तिथेच काढली आणि महाराज आग्र्याला पोचायच्या जेमतेम चार महिने आधी, जानेवारी 1666 मध्ये, तो वारला. जाळीतून यमुनेच्या वळणापलीकडे ताज दिसतो, धुरकट आणि लहान. सासूबाई तिथल्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बापाला असं ठेवू नये रे." त्यांना उठवायची घाई कुणी केली नाही. आपला गाईड घेण्याचे पैसे मी अशा वेळेसाठी मोजते.

दुपारी जेवून दोन तास खोलीवर पडा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे टाळू नका.

साडेतीनला नदी ओलांडून एत्माद-उद-दौलाच्या मकबऱ्यात. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी, मिर्झा गियास बेगसाठी, 1622 ते 1628 मध्ये तो बांधून घेतला, म्हणजे ताजच्या आधी. गर्दी फार नसते. संगमरवरात रंगीत दगड बसवून काढलेल्या सुरया, फुलदाण्या, सुरूची झाडं इथे अगदी डोळ्यांच्या उंचीवर आहेत. हात लावायचा नाही, पण वीतभर अंतरावरून बघा. लेकीने एका फुलाच्या पाकळीत किती तुकडे आहेत ते मोजायला घेतलं होतं. पाकळीच्या अर्ध्यात गडद आणि अर्ध्यात फिका दगड, मधली रेघ नखाएवढीही नाही. ताजमध्ये हे काम आणखी नाजूक आहे, पण तिथे गर्दी इतकं थांबू देत नाही. म्हणून एक ठिकाण गाळायची वेळ आली तर मेहताब बाग गाळा, हे गाळू नका.

मेहताब बाग त्याच तीरावर आहे, ताजच्या बरोबर समोर. सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास पोचा. शाहजहानला समोर स्वतःसाठी काळा ताजमहाल बांधायचा होता, ही गोष्ट इथे हमखास निघते. उत्खननात तशा इमारतीचा पाया मिळाला नाही, मिळाला तो अष्टकोनी हौद. पलीकडच्या ताजचं प्रतिबिंब त्यात पडावं अशा बेताने तो बांधला होता. मला ही खरी गोष्ट जास्त सुंदर वाटते.

गाईडचे उरलेले पैसे तिथेच दिले, ठरल्याप्रमाणे आणि वर थोडे. फत्तेपूर सिक्री सुमारे 40 किलोमीटरवर आहे, ती याच दिवसात कोंबू नका. सिकंदऱ्यातला अकबराचा मकबराही राहू द्या. किल्ल्याचा तो लाल दगड सिक्रीच्या बाजूच्या खाणींतला, हे कळल्यापासून आप्पांना ती खाण बघायची आहे. त्यासाठी पुढच्या वर्षी दोन दिवस जास्त काढणार आहोत, आणि गाईडही तोच सांगून ठेवला आहे.