मृग लागायच्या आधी नळाच्या पाण्याची तयारी

नवतपा संपला की आमच्या घरी छत्र्यांच्या आधी टाक्याचं झाकण उघडतं. नागपूरला येणारं पेंच-कन्हानचं पाणी क्लोरीन घालूनच निघतं, ते बिघडतं वाटेत नाहीतर घरात. रस्त्याखाली नळाची लाईन आणि गडर लाईन, म्हणजे सांडपाण्याची, शेजारी शेजारी असतात. लाईनला दाब नसला, किंवा कुणी टुल्लू पंपाने थेट लाईनमधून पाणी ओढलं, की फुटक्या जोडातून घाण आत खेचली जाते. म्हणून तुमचा टुल्लू थेट लाईनवर असेल तर आधी तो काढा. शेजाऱ्याशी नंतर भांडता येईल.

मग टाकं. पूर्ण उपसा आणि भिंतीवरून बोट फिरवून बघा. हाताला बुळबुळीत लागतं ना, तो जिवाणूंचा थर. त्याच्या आत दडलेल्यांपर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही, म्हणून आधी काथ्याने खसाखसा घासायचं, धुवायचं आणि मगच ब्लीचिंग पावडर. टाकं भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ताजी पावडर बादलीतल्या पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी टाक्यात ओतायचं आणि निदान अर्धा तास तोटी उघडायची नाही. मागच्या वर्षीचं उघडं पाकीट असेल तर टाकून द्या, त्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

पाणी नितळ दिसतं यावर जाऊ नका. गेल्या आषाढात आमच्या तोटीचं पाणी काचेसारखं होतं. जिवाणू तपासायची छोटी बाटली, ती आत कागदाची पट्टी असलेली, भरून ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी शाईसारखं काळं! तेव्हापासून जूनमध्येच दोन-तीन बाटल्या आणून ठेवतो. बाटली काळी झाली तर मैल्याचा संशय धरायचा. नाही झाली तरी विषाणूंबद्दल ती काहीच सांगत नाही. आणि फिल्टर विकणारा टीडीएसचा पेन बुडवून आकडा दाखवेल, तो क्षारांचा असतो, जंतूंचा नाही.

तोटीला फडका बांधून माती अडते, जंतू नाही. कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, कावीळ करणारे विषाणू त्याहून कितीतरी बारीक. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी तर क्लोरीनलाही दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याने सुमारे चार लाख लोक आजारी पाडले, तेही शुद्ध करून पुरवलेल्या पाण्यातून. उकळीपुढे मात्र हे सगळे हरतात. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. त्यासाठी एक मोठा गंज (पातेलं), झाकणाचं भांडं आणि लांब दांड्याचं ओगराळं वेगळं काढा. पेला बुडवला की उकळलेल्याचा उपयोग संपला. घरात गर्भवती असेल तर इथे अजिबात सूट नाही, हिपॅटायटिस ई ही पाण्यातून होणारी कावीळ, ती शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते.

कूलर उतरवताना त्याची टाकी कोरडी करा. साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि तो पिण्यातून नाही, तुषारांतून फुफ्फुसात जातो.

शेवटी औषधाचा डबा: ओआरएसची पाकिटं. लहान मूल असेल तर झिंकच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. शौचातून रक्त, लघवी बंद किंवा डोळे पिवळे दिसले तर घरी थांबू नका. आणि पाकिटांवरची तारीख बघा. आमच्या डब्यात परवा दोन २०१९ची निघाली.