ब्रॅकेट चिकटवायच्या दिवशी काय बघायचं आणि नंतर दात कसे सांभाळायचे

आमच्या मोठ्याच्या तारा निघाल्या तेव्हा दात अगदी सरळ झाले होते पण समोरच्या चार दातांवर ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) जागेभोवती पांढरे डाग राहिले, ते आजही आहेत. ब्रॅकेट निघाला तर परत लावता येतो, तो डाग मात्र पूर्ण जात नाही. आता धाकटीला लावलेत आणि या वेळी मी पहिल्या दिवसापासून लक्ष दिलंय, म्हणून लिहितेय.

लावायच्या आधी किडलेला दात भरून घ्या, स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण काढून घ्या आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते आधी थांबू द्या, कारण लाळ किंवा रक्त लागलेल्या दातावर ब्रॅकेट धरतच नाही. आणि घरून पोटभर जेवून जा, नंतर दोन-तीन दिवस दात ठणकतात, मग खिचडी आणि दहीभातच.

मी खुर्चीशेजारीच उभी होते. दात पॉलिश केले, गाल बाजूला धरायला प्लास्टिकचं रिट्रॅक्टर लावलं, मग दातांवर निळी जेल लावली. ते फॉस्फोरिक ॲसिड असतं, साधारण ३७ टक्के, १५ ते ३० सेकंद ठेवून धुतात आणि हवेने वाळवतात. वाळल्यावर तो दात दुधी काचेसारखा दिसत होता आणि शेजारचा नेहमीसारखा चमकत होता. दाताच्या वरच्या थरात अगदी बारीक खड्डे पडतात, त्यात प्राइमर नावाचं पातळ चिकट द्रव शिरतं आणि तिथेच पकड बसते. ॲसिडची ही युक्ती १९५५ साली बुओनोकोर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने दाखवली, त्याआधी तारेसाठी प्रत्येक दाताला धातूचं कडं घालायचे. या वेळी मुलांना एकच सांगा, जीभ हलवायची नाही. वाळलेल्या दाताला लाळ लागली की ते सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मग ब्रॅकेटच्या पाठीवरच्या जाळीला कॉम्पोझिट, म्हणजे चिकटवायचा मसाला लावून दातावर दाबतात आणि निळ्या लाइटने कडक करतात. दाबताना बाजूने थोडा मसाला बाहेर येतो, तो लाइट लावायच्या आधी काढायला हवा. राहिला तर खरखरीत कड तयार होते आणि किटण नेमकं तिथेच साठतं. मी डॉक्टरांना विचारलंच, बाजूचं साफ झालं ना? तुम्हीही विचारा, यात लाजायचं काही नाही.

आता घरचं काम, आणि खरी मेहनत इथेच आहे. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून तिरका धरायचा, म्हणजे हिरडी आणि ब्रॅकेटच्या मधली चिंचोळी पट्टी घासली जाते, मग खालून तिरका, मग चावायची बाजू आणि आतली बाजू. तारेखालून छोटा इंटरडेंटल ब्रश घालायचा, तो प्रत्येक दोन दातांमध्ये. पेस्ट फ्लोराइडवालीच, आणि थुंकल्यावर खळखळून चूळ भरायची नाही, फ्लोराइड सगळं वाहून जातं. रात्रीचं ब्रशिंग तर चुकवायचंच नाही, झोपेत लाळ कमी सुटते. आमच्या मोठ्याने बरोबर हेच चुकवलं, आणि मीही दमलेला असेल म्हणून सोडून दिलं.

इंदुरात राहून मुलांना सराफा, म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार, बंद करणं काही जमत नाही, गरजही नाही. भुट्ट्याचा कीस चालतो, कणीस दातांनी तोडायचं नाही. दहीवडा चालतो. पोह्यांवरची शेव जरा भिजू द्या. कुरकुरीत गराडू (तळलेला कंद), गजक, चिक्की, सुपारी नको, ब्रॅकेट यांनीच निघतात. जिलेबी खाल्ली तर लगेच ब्रश, आणि गोड शिकंजी तासभर घोट घोट पीत बसायची नाही, तेवढा वेळ दात ॲसिडमध्ये राहतात.

ब्रॅकेट सुटून तारेवर सरकायला लागला तर घरी फेविक्विक वगैरे अजिबात नाही. टोचत असेल तर त्यावर ब्रॅकेटचं मऊ मेण (वॅक्स) लावा, हातात आला तर डबीत ठेवा आणि क्लिनिकला फोन करा. गिळला गेला तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतो, पण खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर सरळ हॉस्पिटल.

दर रविवारी मी धाकटीला खिडकीशी बसवते, कापसाने दात कोरडे करते आणि हिरडीजवळ बघते. सुरुवातीचा डाग ओल्या दातावर दिसतच नाही, वाळल्यावर खडूसारखा दिसतो, आणि तो महिनाभरातसुद्धा पडू शकतो. दिसला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा, या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश लावून तो पुढे वाढणं थांबवता येतं.