मोठे व्हॉल्व्ह बसवण्याआधी थ्रोट मोजा

धुळ्यात माझं इंजिन हेडचं, म्हणजे इंजिनाच्या ज्या वरच्या भागात व्हॉल्व्ह बसतात त्याचं, काम आहे. घाटातल्या चढाच्या आणि धुळीच्या स्पर्धांसाठी जुन्या जिप्सी, एस्टीम तयार करणारी पोरं येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. अमळनेरचा एक जण म्हणाला, "भाऊ, गाडी खाले पयस, पन वर दम सोडी देस." म्हणजे खाली पळते, वर दम सोडते. वरच्या आरपीएमला इंजिनाला हवा पुरत नाही, हे त्याचं निदान बरोबर होतं. पण तो मोठे व्हॉल्व्ह आधीच विकत घेऊन आला होता. तसं करू नका. आधी मोजा, मग घ्या.

समजा इनटेक व्हॉल्व्ह ३६ मिमीचा आहे आणि लिफ्ट, म्हणजे तो उघडतो ते अंतर, ८ मिमी. हवा व्हॉल्व्हच्या कडेच्या गोल फटीतून आत शिरते. त्या फटीचं क्षेत्र म्हणजे परीघ गुणिले लिफ्ट, सुमारे ९०५ चौरस मिमी. व्हॉल्व्ह ३७.५ मिमीचा केला की ते ९४२ होतं, म्हणजे जेमतेम ४ टक्के वाढ. खरी अडचण बहुतेक वेळा सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या रिंगच्या, खालच्या गळ्यात, थ्रोटमध्ये असते. पांझरा नदीच्या फडावर (सामूहिक पाटपाण्यावर) पाटाचं दार रुंद करून चारी तशीच ठेवली तर शेवटच्या वावराला पाणी वाढत नाही, तसंच हे. थ्रोट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ८८ टक्के ठेवा. ३७.५ च्या व्हॉल्व्हला ३२ ते ३३ मिमी. जुना थ्रोट ३० चा असेल आणि तो तसाच राहणार असेल, तर नव्या व्हॉल्व्हचे पैसे वाया जातील. जुन्याच व्हॉल्व्हवर थ्रोट आणि सीट नीट करून घेतलेली गाडी मला जास्त आवडते.

एक्झॉस्टच्या मागे लागू नका. जळालेला वायू स्वतःच्या दाबानेच बाहेर पडतो. इनटेकच्या ७५-८० टक्के प्रवाह त्याला पुरतो. हेडमधली जागा इनटेकला द्या.

आता जागा बघा. दोन सीटमधला पूल पातळ झाला की ॲल्युमिनियमच्या हेडला तिथेच तडा जातो. मोठ्या व्हॉल्व्हची कड चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल जळतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटली तर त्या बाजूने हवाच येत नाही. भिंत मागे घ्यायची असेल तर हेडवर नवं गॅस्केट ठेवून रेघ मारा आणि रेघेच्या आत राहा. चेंबर वाढलं की कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, घटतं. १३०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात ९ चं कॉम्प्रेशन असेल, तर प्रत्येक चेंबर दीड सीसीने वाढल्यावर ते ८.७ वर येतं. म्हणून ब्युरेटने (मापाच्या नळीतून द्रव भरून) चारही चेंबर मोजा, अर्ध्या सीसीच्या आत सारखे करा आणि मगच हेड फेसिंगला (खालची बाजू सपाट घासायला) द्या.

कामाचा क्रम गाइडपासून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीपासून, सुरू होतो. सीट कटरची मधली दांडी, पायलट, गाइडमध्ये फिरते. गाइड ढिला असेल तर सीट तिरपीच निघणार, मग वरून कितीही घासा. जुन्या सीटच्या रिंगवर नवा व्हॉल्व्ह मावत नसेल तर मोठी रिंग बसवावी लागते. हेड भट्टीत गरम करून, रिंग थंड करून. हे काम अनुभवी मशीनवाल्याकडेच द्या. हातोड्याने ठोकलेली रिंग गरम इंजिनात सुटते.

सीट तीन कोनांत कापा. वर ३०, मधली बसण्याची जागा ४५, खाली ६०. बसण्याची पट्टी इनटेकला १.२ मिमीच्या आसपास, एक्झॉस्टला थोडी जास्त रुंद, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता त्याच वाटेने हेडमध्ये उतरते. निळा रंग लावून बघा. पट्टी व्हॉल्व्हच्या कडेपासून किंचित आत, पूर्ण गोल उमटली पाहिजे. पेस्ट लावून घासायचं ते फक्त तपासण्यापुरतं. जास्त घासलं की पट्टी रुंद होते आणि कटरने मिळवलेलं सगळं जातं. मग चेंबरमध्ये रॉकेल ओतून पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेत, ओल येते का बघा.

व्हॉल्व्ह खोल बसला की स्टेमचं (दांडीचं) टोक वर येतं आणि स्प्रिंग ढिली पडते. स्प्रिंगची बसलेली उंची मोजून खाली शिम (पातळ चकती) टाका.

पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटणार नाही याची खात्री केल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, यात मी कुणाचंच ऐकत नाही. पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती थापा, जुनं गॅस्केट लावून हेड आवळा, टायमिंग जुळवा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून माती ब्लेडने कापा. सर्वांत पातळ जागी इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच मिमी हवेत. बाजूच्या कडेलाही दीड मिमी बघा. मोठा व्हॉल्व्ह पिस्टनमधल्या खिशाच्या (खाचेच्या) काठालाच आधी लागतो.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बदलावे लागतीलच. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. उन्हाळ्यात जुळवलेलं मिक्श्चर डिसेंबरच्या थंडीत लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लीन इंजिन जोरात पळवलं की पिस्टन जळतो. हंगाम बदलला की प्लग काढून रंग बघा.

हे सगळं स्पर्धेच्या गाडीसाठी आहे. काही वर्गांत कंपनीच्या मापाचेच व्हॉल्व्ह चालतात, तेव्हा हेड उघडण्याआधी एफएमएससीआयचे (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचे) तुमच्या वर्गाचे नियम वाचा. बाजारहाटाची गाडी असेल तर मोठ्या व्हॉल्व्हने खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि भरल्या गाडीने धुळ्याजवळचा लळिंगचा चढ चढताना गिअर उतरवावा लागतो.

इंजिन चालू झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनात टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, तपासा. एखाद्याचा गॅप बाकीच्यांपेक्षा कमी झाला असेल तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली जातोय. तो गॅप पुन्हा नीट करून गाडी पुढे दामटू नका, हेड काढा.