हॅश जुळला म्हणजे फाइल चांगली, असं धरू नका

नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसचा पीसी संशयावरून माझ्याकडे आला. तिथल्या मुलाने सगळ्या फायलींचे हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, काढून अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या एनएसआरएल या ओळखीच्या सॉफ्टवेअर फायलींच्या हॅश-यादीशी ताडून पाहिले होते. "दादा, जुळल्या त्या चांगल्या. उरलेल्या उडवून टाकू?" मी त्याला थांबवलं. उरलेल्यांत अशिलांचे ताळेबंद होते!

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एनएसआरएलमध्ये 'ओळखीच्या' फायली आहेत, 'चांगल्या' नव्हेत. हॅकिंगच्या स्क्रिप्ट, चित्रात मजकूर लपवणारी साधनं यांचेही हॅश तिथे सापडतात. उलट, ऑफिसात टाइप केलेलं पत्र अशा यादीत असणारच नाही. विंडोजच्या हजारो फायली बाजूला काढून उरलेल्यांकडे नीट बघायचं, यासाठी ही यादी वापरा.

काहीच जुळत नसेल तर आधी लांबी मोजा. हॅश काढायच्या पद्धती वेगवेगळ्या: एमडी५चा हॅश ३२ अक्षरांचा, शा-१चा ४०चा, शा-२५६चा ६४चा. एकाची दुसऱ्याशी तुलना करून लोक तासन्‌तास घालवतात. विंडोजमधलं पॉवरशेल हॅशमधली इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत दाखवतं, लिनक्स छोट्या; तो फरक सोडून द्या. अनेक फायलींचा शा-२५६ 'ई३बी०सी४४२'ने सुरू होत असेल, तर त्या रिकाम्या आहेत. मूळ फायली रिकाम्या नसतील तर कॉपी करताना काहीतरी बिघडलंय, पुन्हा कॉपी करा. फाइलचं नाव बदलल्याने मात्र हॅश बदलत नाही.

एमडी५वर विसंबू नका. एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फायली २००४ मध्ये बनवून दाखवल्या गेल्या, शा-१च्या बाबतीत २०१७ मध्ये. हाताशी असलेल्या फाइलच्या हॅशशी जुळणारी दुसरी बनवणं अजून कुणाच्या आवाक्यात नाही, त्यामुळे जुन्या याद्या लगेच फेकायचं कारण नाही. नवं काम मात्र शा-२५६वरच करा.

डाउनलोडचा हॅश त्याच साइटवरून घेऊन समाधान मानू नका. २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइट फोडून आयएसओची, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलची, लिंक बदलली होती. साइट ज्याच्या हाती, तो शेजारी छापलेला हॅशही बदलू शकतो. फाइल बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासा.

त्या पीसीवर दुरून ताबा घेण्याचं एक सॉफ्टवेअर सापडलं, ऑफिसातल्या कुणीच न टाकलेलं. कंपनीची अस्सल फाइल, हॅश यादीशी तंतोतंत जुळणारा. मुलाने ती 'चांगल्या'त टाकली होती.