जुन्या कमिटमागचा माणूस सापडत नाही? मेलमॅप ठेवा

एखाद्या फंक्शनबद्दल ते लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला विचारायचं असतं, आणि कमिटवरचा (कोडमधल्या बदलाच्या नोंदीवरचा) ईमेल त्याच्या जुन्या नोकरीचा किंवा कॉलेजचा निघतो. मेल परत येतो. इतिहास न बदलता गिटमध्येच (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) यावर सोय आहे, जुन्या पत्त्याऐवजी चालू पत्ता दाखवणारी मेलमॅप फाइल, पण फार कमी प्रकल्प ती वापरतात.

1. रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या कोडसाठ्याच्या) सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ‘.मेलमॅप’ ही टेक्स्ट फाइल करा. नाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत: .mailmap. सुरुवातीचं टिंब विसरू नका.
2. दर माणसामागे एक ओळ: नाव, मग कोनी कंसात चालू पत्ता, त्यापुढे कोनी कंसात कमिटवरचा जुना पत्ता. जुने पत्ते दोन असतील तर ओळीही दोन.
3. ‘गिट शॉर्टलॉग’ (git shortlog, माणसानुसार कमिटची यादी देणारी आज्ञा) चालवा. एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्या की जमलं.

गिट 2.23 पासून ‘गिट लॉग’ (कमिटचा इतिहास दाखवणारी आज्ञा) हीसुद्धा ही फाइल आपोआप वाचते.

गिटहब या संकेतस्थळाच्या ‘नोरिप्लाय’ पत्त्यावर (खरा ईमेल लपवण्यासाठीच्या) मात्र मेल पोचतच नाही. तिथे इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या चर्चेच्या नोंदीत) त्या व्यक्तीचं युजरनेम टॅग करणंच बरं.

एक जपा: नवा पत्ता त्या व्यक्तीला विचारूनच टाका. सार्वजनिक रिपॉझिटरीत ही फाइल कोणीही वाचू शकतं, आणि नंतर ओळ खोडली तरी पत्ता इतिहासात राहतोच.